फाटकापर्यंतचा कागद

१९९६ साली मी आयटीआयत फिटर ट्रेडला निदेशक म्हणून रुजू झालो. तेव्हा वर्कशॉपमध्ये 'कॅलिपर' हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. एक कॅलिपर मापाचा, बेंचवर पडलेला. दुसरा मुलांच्या पायात, पँटच्या आत, लोखंडी पट्ट्यांचा. जवळपास दर बॅचला एखादा मुलगा पोलिओचा असायचाच. त्याच्यासाठी काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, पण अडचण डोळ्यांना दिसत होती. तासन्‌तास उभं राहून कानस मारणं जमत नाही, तर त्याला लाकडी खोक्यावर बसवलं आणि व्हाइस खाली घेतला. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा, हे आम्ही सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात शिकवतो. याचं कोपर खाली, म्हणून याचा व्हाइस खाली. एवढंच.

त्याच वर्षी अपंग व्यक्तींचा १९९५चा कायदा लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा मात्र १९६१चा, आणि त्याच्या पात्रतेच्या कलमातच शारीरिक क्षमतेची अट. आमच्याकडे दोन वर्षं उत्तम काम केलेला मुलगा ॲप्रेंटिसशिपला एका कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि पायाकडे पाहून परत पाठवला गेला. त्याचा जॉब कुणी हातात घेऊनही पाहिला नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. पुढे त्याने गावी वेल्डिंगचं दुकान टाकलं; ते चांगलं चाललं, पण त्याचं माझ्याकडे काही श्रेय नाही.

कर्णबधिर मुलं आली तेव्हा खरी शिकवणी माझी झाली. लेथवर टूल बिघडलं की आवाज बदलतो आणि आम्ही कानावर काम करतो. टर्नर ट्रेडचा एक मुलगा अधूनमधून हेडस्टॉकच्या कव्हरवर तळहात ठेवायचा. कंप वेगळा लागला की मशीन बंद. एकदा त्याने मशीन थांबवलं आणि माझ्या लक्षात काहीच आलं नव्हतं. टूल काढून पाहिलं तर टोक झिजलेलं. इलेक्ट्रिशियनच्या मुलांनी सुट्टीच्या घंटेला एक लाल दिवा जोडून दिला. २०१८ साली भारतीय सांकेतिक भाषेचा तीन हजार शब्दांचा कोश आला. तोवर कानस, करवत, ड्रिल या सगळ्यांच्या खुणा त्या मुलांनी आणि आम्ही मिळून ठरवलेल्याच होत्या.

मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. वर्कशॉपमध्ये ते आधीच जाणवत होतं. पायातले कॅलिपर दिसेनासे झाले होते. आता बॅच 'सगळी धडधाकट' आहे असं आम्ही स्टाफरूममध्ये समाधानाने म्हणायचो. ते समाधान चुकीचं होतं.

२००९च्या बॅचमधला एक मुलगा मला अजून सलतो. त्याचं फायलिंग असं की जॉबवर ट्राय स्क्वेअर ठेवून उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाशाची रेघ येत नसे. पण व्हर्निअरवर १२.४६ आलं की वहीत १२.६४. ड्रॉइंगवरची मापं एकमेकांत मिसळायची. थिअरीच्या तासाला मी त्याला सगळ्यांदेखत 'ढ' म्हणालो, एकदा नव्हे. दोनच वर्षांपूर्वी 'तारे जमीन पर' पाहून मी डोळे पुसले होते, तरी समोरच्या बाकावरचा मुलगा मला दिसला नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की दहावीला त्याला जादा वेळ मिळाला होता. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६पासून आहेत. म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हापासून. त्या सवलतीचा कागद शाळेतच राहिला होता. आम्ही मागितला नव्हता आणि मुलानेही लाजून दिला नव्हता.

मग ड्रॉइंगवर प्रत्येक माप आणि त्याची रेघ एकाच रंगाच्या पेन्सिलने काढून दिली. रीडिंग लिहिण्याआधी मोठ्याने म्हणायला लावलं. जॉबची टॉलरन्स तीच ठेवली, त्यात एका रेघेचीही सूट नाही. तो पास झाला आणि एका कंपनीत वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपला लागला. तिथे रोज कामाची डायरी लिहायची असते. चौथ्या महिन्यात 'काम टाळतो' असा शेरा घेऊन तो घरी बसला. त्याच्या हातचा जॉब कुणी उजेडासमोर धरला होता की नाही, मला माहीत नाही. पण आमच्याकडून त्या सुपरवायझरला एक ओळही गेली नव्हती, हे मला माहीत आहे.

२०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार साताचे एकवीस केले आणि अध्ययन अक्षमता त्यात नावानिशी आली. तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. अठराव्याचा दाखला कायमचा, असं २०१८ साली ठरलं. आमची मुलं ॲप्रेंटिसशिपला जातात ती नेमकी अठराच्या आसपास. पण रोजावर जाणारा बाप दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी किती खेटे घालणार? ॲप्रेंटिसशिपच्या पैशाची बाजू मात्र सुधारली: २०१६पासून विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं, २०१९ला विद्यावेतनाचे दर वाढले. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात, म्हणून कंपन्या स्वतः फोन करतात. किती मुलं पाठवता, एवढंच विचारतात. कुठली, हे कुणी विचारत नाही.

त्यामुळे शेवटची काही वर्षं मी मुलाच्या संमतीने एक पान लिहून त्याच्याबरोबर द्यायचो. त्यात आजाराचं नाव नाही, टक्केवारी नाही. 'याला सूचना एका वेळी एकच द्या. ड्रॉइंगवर मापं रंगाने दाखवा. फायलिंग याच्याकडून इतरांनी शिकावं.' काही सुपरवायझरनी ते घडी घालून खिशात टाकलं आणि विसरले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मात्र एकाचा फोन आला.

"सर, तुमचा पोरगा डायरी लिहिताना अडतोय. जॉबचा फोटो काढून, काय केलं ते बोलून रेकॉर्ड करून पाठवलं तर चालेल का? लिहून मी घेतो."