सकाळचे नऊ आणि दुपारचे चार

"कासवाला ऊन किती वाजता द्यायचं, तेवढं सांग." मे महिन्यात देवगाव रंगारीहून एका ओळखीच्यांचा फोन आला. घरात आफ्रिकन सुल्काटा जातीचं पिल्लू, तळहातावर मावेल एवढं. ते काचेच्या पेटीत आणि पेटी गच्चीवर भर उन्हात. मी आधी पेटी सावलीत घ्यायला लावली, उत्तर मग दिलं. तेच इथे लिहितोय, कारण पेट-नेटची तयारी करताना आपण 'चल' या शब्दाची व्याख्या पाठ करतो आणि अंगणात गेलं की ऊन म्हणजे एकच चल समजतो.

(सुल्काटा परदेशी असलं तरी साइट्सच्या यादीत आहे, त्यामुळे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपलं स्टार कासव तर घरात ठेवायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.)

पिल्लाला उन्हातून दोन गोष्टी मिळतात. यूव्हीबी किरणांमुळे कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होऊ लागतं. ते कमी पडलं तर कॅल्शियम शोषलं जात नाही आणि पाठीचं कवच मऊ, वेडंवाकडं होतं. दुसरी गोष्ट उष्णता. साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही, उष्णता मात्र आत शिरून कोंडते. म्हणजे त्या पेटीत हवं ते बाहेर राहत होतं आणि नको ते आत साठत होतं.

आता मुद्द्याचं. यूव्हीबी किती मिळणार हे मुख्यतः सूर्य आकाशात किती वर आहे यावर ठरतं. देवगावात मे महिन्यात खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि गाव ७५ अंशांच्या आसपास, म्हणून ती साडेबाराच्या सुमाराला येते. म्हणजे सकाळी नऊला आणि दुपारी चारच्या जरा आधी सूर्य सारख्याच उंचीवर असतो. काठी रोवून बघा, दोन्ही वेळा सावली काठीपेक्षा किंचितच लांब पडेल. यूव्हीबी जवळपास सारखं. पण नऊला जमीन नुकती तापायला लागलेली असते आणि चारला दिवसभराची उष्णता पोटात घेऊन बसलेली. दोन आलेख, दोन वेगवेगळी शिखरं! त्यामुळे "कोवळं ऊन किंवा उतरतं ऊन, दोन्ही सारखंच" हे निदान मे महिन्यात तरी चूक.

लहान पिल्लाला हा फरक जास्त भोवतो. पाच सेंटिमीटरच्या पिल्लाचं पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या तुलनेत अर्ध्या मीटरच्या कासवापेक्षा दहापट असतं, म्हणून ते झटकन तापतं आणि झटकन सुकतं. "आफ्रिकेचं आहे, त्याला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांना सांगा की तिकडे ते दुपारी बिळात असतं.

मी सुचवलं ते साधं होतं. सकाळी आठ ते साडेनऊ, स्लॅबवर किंवा पत्र्याजवळ नाही, मातीवर. अर्ध्या जागेवर ओलं गोणपाट बांधून गडद सावली, खाली उथळ ताटलीत पाणी, वरून जाळी, कारण कावळे आणि कुत्री टपलेली असतात. ऊन-सावलीतली निवड पिल्लाने स्वतः करायची. विरळ सावलीतही यूव्हीबी मिळतं, कारण त्याचा बराच भाग आकाशातून विखरून येतो.

तापमान मोबाइलवर बघू नका. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत असतो. पिल्लू राहतं जमिनीला टेकून. तापमापक तिथेच ठेवा.

पिल्लू सैरभैर पळायला लागलं, तोंडाला फेस आला किंवा मान टाकून पडलं, तर लगेच सावलीत घ्या. हनुवटी बुडणार नाही इतक्या साध्या पाण्यात ठेवा, फ्रिजच्या नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.