सव्वानऊची मजुरी, हातात सव्वाआठ

वेठ म्हणजे काय, हे आमच्या आजा-पणज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. सरकारी टपाल पोचवा, अंमलदाराचे ओझे वाहा, मेलेले ढोर ओढा. आणि मोबदला काय, तर बलुत्याचे चार दाणे नि वतनाचा तुकडा. कर्ता माणूस घरी नसला तर त्याच्या म्हाताऱ्या बापाने जायचे. ही गुलामी मोडण्यासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाचे बिल मांडले. पुढे घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आली, आणि ती मूलभूत हक्कांच्या भागात आली.

वतन गेले. वेठ गेली काय?

१९८२ च्या दिल्ली एशियाडची स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांची किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार पैसे जमादाराच्या हाती देई आणि जमादार माणशी एक रुपया 'कमिशन' कापून घेई. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले, तेच अर्ज म्हणून दाखल झाले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला: किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे म्हणजे वेठबिगार, २३ व्या कलमाचा भंग. मजूर आपखुशीने आला, हे म्हणणे चालणार नाही. भुकेची सक्तीही सक्तीच. आमच्या मते प्रत्येक बुद्धविहारात हा निकाल एकदा समजावून सांगितला पाहिजे.

कारण जमादार आजही आहे. झाडलोट, हाऊसकीपिंग, कचरागाडी या कामांत आपलीच माणसे जास्त. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि ठेकेदाराचा माणूस त्यातले काही रोख परत मागतो, असे भगिनी आम्हाला सांगतात. काही ठिकाणी एटीएम कार्डच त्याच्या खिशात! "बोललो तर उद्या काम नाही," हे त्यांचे उत्तर. कोर्टाने जिला सक्ती म्हटले, ती हीच.

मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी मात्र युनियन सोडली नाही. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम करण्याचा निकाल दिला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. वर्षे लागली, हे खरे.

तक्रार करायची तर एकटीने जाऊ नये. पाच-दहा जणींनी मिळून सह्या कराव्यात. पगाराची पावती मागावी, ती कायद्याने मिळायलाच हवी. पासबुक भरून घ्यावे, हजेरी आपल्या वहीत तारखेनिशी लिहावी. अर्ज कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक पडल्याखेरीज खिडकी सोडू नये. कारकून "उद्या या" म्हणेल. आम्हीही कारकूनच आहोत, शिक्का मारायला अर्धे मिनिट लागते.