बिल लास्वेल यांचा 'हिअर नो ईव्हिल'

'हिअर नो ईव्हिल' हा अमेरिकन बेसवादक बिल लास्वेल यांचा स्वतःच्या नावावरचा दुसरा अल्बम. पहिला, 'बेसलाइन्स', १९८३ चा. हा १९८८ चा. मधल्या काळात लास्वेल यांचे नाव झाले ते मुख्यतः निर्माता म्हणून. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचे गाजलेले 'रॉकिट' घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि 'लास्ट एक्झिट' या चौकडीत ते कानठळ्या बसवणारे मुक्त जॅझ वाजवत होते. त्या पार्श्वभूमीवर हा अल्बम चकित करण्याइतका शांत आहे.

यात सहा रचना आहेत आणि शब्द एकही नाही. गिटारवर निकी स्कोपेलिटिस, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन. सोबत सेनेगलचे अय्यब दिएंग आणि मूळचे क्यूबाचे डॅनिएल पॉन्से यांची तालवाद्ये. शंकर आणि झाकीर हुसेन हे 'शक्ती' या गटापासूनचे जुने साथीदार. त्यांना एकमेकांचा अंदाज नव्याने घ्यावा लागत नव्हता.

बेस गिटारच्या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तारेचे कंपन सेकंदाला साधारण ४१. इतक्या खर्जात भराभर ताना घेतल्या तर स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. त्यामुळे बेसवादक म्होरक्या झाला की बरेचदा वरच्या सप्तकात चढतो आणि गिटारवादकाशी स्पर्धा करू लागतो. लास्वेल ते टाळतात. एखादा छोटा स्वरसमूह घ्यायचा, तो संथपणे फिरवत ठेवायचा आणि त्यावर इतरांना मोकळे सोडायचे, ही त्यांची रीत. तबलावादनाच्या साथीला सारंगीवर वाजणारा लेहरा ऐकलेल्या कानाला ती परकी वाटणार नाही.

खरी अडचण तालवाद्यांची असते. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचा खर्ज जवळपास एकाच पट्टीत राहतात. दोन्ही एकदम भरून वाजले तर दोन्ही हरवतात. शिवाय डग्ग्यावर तळहाताच्या दाबाने मींड निघते, म्हणजे तोही स्वर हलवतो. अशा वेळी बेसने स्वरांमध्ये जागा सोडणे, हाच उपाय. कोंगाचा आवाज त्या मानाने मधल्या पट्टीतला, त्यामुळे तो सहज सामावतो. येथे तालवाद्ये केवळ रंगत आणायला बोलावलेली नाहीत. ती काढली तर रचना उभीच राहणार नाही. 'जागतिक संगीत' या नावाखाली त्या दशकात निघालेल्या पुष्कळ अल्बमांबद्दल असे म्हणता येत नाही.

स्कोपेलिटिस यांची गिटार अमेरिकन ब्लूजकडे झुकते, तर शंकर यांचे व्हायोलिन कर्नाटक गमकांकडे. स्वर ओढून, वाकवून घेण्याची सवय दोन्ही परंपरांना आहे, म्हणून त्यांचा सांधा दिसत नाही. 'इलिनॉय सेंट्रल' हे एका रचनेचे नाव एका रेल्वे कंपनीचे. लास्वेल यांचा जन्मही इलिनॉयमधलाच.

लास्वेल आणि झाकीर हुसेन यांचे सहकार्य पुढेही चालू राहिले. २००० साली त्यांच्या 'तबला बीट सायन्स' या गटाचा 'ताला मॅट्रिक्स' हा अल्बम आला. त्यात तबल्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ध्वनी होते आणि वादकांत गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टूही होते.