मोटारीची नाडी

नाडीपरीक्षा हा आपल्या व्यवसायाचा श्रीगणेशा. परंतु नाडी मोजतानाची एक जुनी चूक मला एका मोटारीने नव्याने शिकवली. विषय स्मरणिकेच्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे. तरी जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या वडिलांनी १९७८ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. याच गाडीतून वडील धारवाडात मालमड्डी, सप्तापूर भागांत रात्री-अपरात्री रुग्ण तपासायला जात. त्यांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचे मूळचे १०८९ सी.सी.चे इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. गाडी विकण्यास मन धजेना. अखेर प्रीमियरच्याच '११८ एनई' या गाडीचे, निसानच्या धर्तीचे ११७१ सी.सी.चे इंजिन मिळवून, ते उघडून दुरुस्त करून आम्ही बसवले. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्यारोपण झाले.

नुकत्याच दुरुस्त झालेल्या इंजिनाला आरंभी जपावे लागते. "साहेब, पहिले हजार किलोमीटर तीन हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नका," असे मिस्त्रींनी बजावले. पद्मिनीत फेरे दाखवणारा टॅकोमीटर मुळातच नसतो. म्हणून मी जुन्या बाजारातून एक घेतला आणि हौसेने स्वतःच जोडला.

इंजिन नुसते चालू ठेवले असता मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे व्हावेत. काटा साडेपाचशेच्या आतबाहेर घुटमळे. मी मिस्त्रींना फेरे वाढवायला सांगितले. ते म्हणाले, "साहेब, काटा काही म्हणो, कानाला बरोबर लागतंय." मी ऐकले नाही. स्क्रू फिरवून काटा आठशेवर आणवला आणि समाधान पावलो.

त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. पहिला गिअर टाकताना गाडी हिसका देई, पेट्रोल जास्त लागे आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन दोन-चार आचके देत राही. मी मिस्त्रींच्या कामाला दोष दिला आणि इंजिन परत करण्याची भाषा बोललो. ते काही बोलले नाहीत. प्लगच्या तारेला चिमटा लावून फेरे मोजणारे एक छोटे यंत्र तेवढे त्यांनी आणले. त्यावर आकडा आला १२००. माझा काटा त्या वेळी ८०० दाखवत होता.

हे गुणोत्तर नेमके दोन-तृतीयांश आहे आणि निदानही त्यातच आहे. टॅकोमीटर फेरे मोजतच नाही. तो कॉइलच्या ऋण टोकावर येणारे विजेचे ठोके मोजतो आणि त्यांना एका ठरावीक आकड्याने भागतो. चार सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पडतात, म्हणजे फेऱ्याला दोन ठोके. सहा सिलिंडरांना तीन, आठांना चार. माझ्या यंत्राच्या पाठीमागे रबरी टोपणाखाली ४-६-८ असा खटका होता आणि तो सहावर होता. दोनाऐवजी तीनने भागाकार होत होता. काटा तीन हजारांवर असे तेव्हा इंजिन साडेचार हजार फेरे घेत होते! उणकलच्या बाजूने धारवाडकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये मी त्याला जपतो आहे असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात दामटत होतो.

या अनुभवातून काढलेली निदानाची रीत अशी:

काटा मुळीच हलत नसेल तर प्रथम यंत्राला किल्लीमार्गे बारा व्होल्ट मिळतात का आणि अर्थिंग नीट आहे का, हे मल्टिमीटरने पाहावे. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. पत्रा खरवडूनच जोडावे. मग ठोक्यांची तार कॉइलच्या ऋण टोकालाच आहे ना, ते पाहावे. धन टोकावर व्होल्टेज जवळजवळ स्थिर असते, तिथे मोजण्याजोगा ठोका नसतो.

काटा थरथरत असेल तर ती तार प्लगच्या तारांना लगटून गेली आहे का, हे तपासावे. कधी दोष काट्याचा नसून झिजलेल्या कॉन्टॅक्ट पॉइंटांचा असतो. अनियमित नाडी खरोखरच अनियमित असते. ही तार पत्र्यातून नेताना रबरी बुश अवश्य घालावे. तिचे आवरण फाटून ती बॉडीला टेकली तर ठिणगी थांबते आणि धावती गाडी बंद पडते.

काटा स्थिर पण ठरावीक पटीत चुकत असेल तर भाजक चुकला. दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असलेल्या अलीकडच्या चार सिलिंडरी इंजिनात एका कॉइलवर फेऱ्याला एकच ठोका मिळतो, म्हणून जुना काटा निम्मे दाखवतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टोकावरून ठोके घेऊन त्याप्रमाणे जुळणी करता येणारे यंत्र लागते.

इंजिन बदलल्यावर परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नोंदणीपुस्तकात नवा क्रमांक चढवणे आणि विमा कंपनीस कळवणे हेही विसरू नये.

मॉनिटरने उंच टी-लाटही ठोका म्हणून मोजली की सत्तरची नाडी एकशेचाळीस दिसते, आणि आपण विद्यार्थ्यांना सांगतो, "आधी मनगट धरा." मी मात्र गॅरेजमध्ये मॉनिटरवर विश्वासलो, आणि मनगट धरून बसलेल्या माणसाला चूक ठरवले. मिस्त्रींची मी क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "असू दे साहेब, खटका आता चारवर आलाय ना?"

इंजिनाचे फारसे बिघडले नाही, हे सुदैव. खटका चारवर आहे, फेरे पुन्हा आठशेवर आहेत, आणि गाडी सुरू केली की मी आधी डोळे मिटून क्षणभर ऐकतो, मग काट्याकडे पाहतो.