डागडुजी थांबलेला लॅपटॉप

माझ्या ताईचा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. प्रश्नपत्रिका तयार करणं, वीजबिल भरणं आणि परगावी असलेल्या लेकीशी व्हिडिओ कॉल, एवढंच त्याचं काम. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना पडद्यावर आली तेव्हा ती घाबरून दुकानात गेली. तिथे तिला सांगितलं, ‘हा आता भंगारात द्या.’ घरी येऊन तिने मला फोन केला, ‘अरे, सकाळपर्यंत तर नीट चालत होता!’

तो नीट चालतच होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, पण लॅपटॉपच्या आत त्या दिवशी काहीच बदललं नाही. थांबली ती डागडुजी. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्र झालेली असताना, सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते. एखादं चित्र उघडताना किंवा नेटवर्कवरून निरोप घेताना परक्याला आत शिरायला वाट मिळते असं लक्षात आलं की ती फट बुजवायची, असं हे काम.

यातली खरी मेख अशी की दुरुस्ती आली की फट कुठे होती तेही उघड होतं. हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवतात, कुठे काय बदललं ते बघतात आणि नेमकी जागा हेरतात. विंडोज १० आणि ११ यांचा पाया बराचसा एकच आहे. म्हणून ११ मध्ये बुजवलेली फट १० मध्ये उघडीच राहण्याची शक्यता मोठी. घर शाकारायचं राहून गेलं तर निदान पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. इथे मात्र कुठलं कौल फुटलंय ते लोकांना आधीच कळलेलं असतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्या यंत्रांवर ती बसवलेली नव्हती, ती सापडली.

‘पण क्रोम तर चालतोय ना?’ असं ताईने विचारलं. ब्राउझर विंडोजच्या मागून बराच काळ चालत राहतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमने त्याची साथ सोडली ती २०२३ मध्ये. म्हणून ब्राउझर ताजा आहे यावरून खालची जमीन पक्की आहे असं धरू नये. अँटिव्हायरसचंही तसंच. तो ओळखीचा चोर पकडतो, भिंतीतली फट लिंपत नाही.

मग विंडोज ११ घालता येईल का? त्यासाठी आधी प्रोसेसरचा क्रमांक वाचा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. ताईच्या यंत्रावर ‘आय ५-६२००यू’ असं होतं. यातला सहा म्हणजे इंटेलची सहावी पिढी. विंडोज ११ ला, थोडे अपवाद सोडले तर, आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. ही तपासणी चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या डागडुजीसाठी एवढा खटाटोप, तिचीच खात्री नसेल तर मी तो मार्ग धरणार नाही, दुसऱ्यालाही सुचवणार नाही.

सवड मात्र मिळते. घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची योजना आहे. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी करायची. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर भरायचे. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असणं गरजेचं आहे. ताईची नोंदणी मी फोनवरूनच करून घेतली आणि पुढचं काम सावकाश करायला घेतलं.

जुना लॅपटॉप रांगतो तेव्हा दोष बहुतेकदा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्यात वाचणारं टोक तबकडीवर इकडून तिकडे सरकत माहिती गोळा करतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालण्याच्या या एका बदलाने यंत्राला जेवढा वेग येतो, तेवढा दुसऱ्या कशानेही येत नाही. आधी फोटो आणि फायली दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि त्यातल्या चार-पाच उघडून बघा. मग चार्जर काढून लॅपटॉप पालथा घाला. एका कागदावर त्याच्या पाठीचा आकार काढा, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो कागदावर तिथेच चिकटपट्टीने लावा. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो किंवा आतलं काहीतरी चिरडतं. झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने उचकटायचं, मग सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढायची. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हात न लावता जाणकाराकडे जा. हार्ड डिस्क बाजूला सरकवली की खाचेतून सुटते. त्याच मापाची अडीच इंची एसएसडी तिच्या जागी बसते. रॅम वाढवायची असेल तर आधी जुनी पट्टी बघा, डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत.

ताईच्या यंत्रात नव्या एसएसडीवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली घालायचं ठरवलं. जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात राहिली, नाहीच जमलं तर तीच परत बसवता आली असती. मिंट फुकट मिळतं, २ जीबी रॅमवर सुरू होतं, ४ जीबीवर नीट चालतं. त्याच्या २२व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल त्यावर नुसती कॉपी करून भागत नाही, रूफससारख्या प्रोग्रॅमने ती उतरवावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू करताना बऱ्याच डेल-लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबलं की कशावरून सुरू व्हायचं ते विचारतो. पेनड्राइव्ह निवडा. काही मिनिटांत मिंटचा पडदा समोर येतो, आणि डिस्कवरचं काहीही हललेलं नसतं. आता वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक करून तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा, यंत्र जागं होतं का बघा.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट तपासावी. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडून ताईला मी ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करायला सांगितला. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. ‘ऱ्या’ जिथल्या तिथे उमटला आणि तिचा चेहरा निवळला. तिच्या युनिकोडमधल्या प्रश्नपत्रिकाही मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, दोन तक्ते तेवढे सरकले. पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. त्या विंडोज हाताशी आहे तोवरच युनिकोडमध्ये करून घ्या. टॅली विंडोजसाठीच आहे, आणि डिजिटल सहीचं टोकन चालेल की नाही हे आधीच विचारून घ्यावं. ज्याचं पोट अशा एखाद्या प्रोग्रॅमवर आहे त्याने विंडोज सोडू नये. सवडीची मुदत संपली की ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवावं, बँक आणि ईमेल दुसरीकडे करावं.

आता ताईच्या पडद्याच्या कोपऱ्यात ढालीचं एक छोटं चित्र असतं. त्यावर ठिपका दिसला की दुरुस्ती आलेली असते. ती क्लिक करते, पासवर्ड घालते आणि चहा ठेवायला उठते. परवा फोनवर सांगत होती, जुनी डिस्क पंधरा दिवसांत बाहेर काढायची वेळ आली नाही. त्या डिस्कसाठी मी यूएसबीचं एक कव्हर घेऊन ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीत गेलो की त्यात घालून देईन, प्रश्नपत्रिकांची दुसरी प्रत तिच्यावर राहील.