एक किलो तांबं आणि ऐंशी हंगाम

चार किलो मोरचूद, चार किलो चुना, 400 लिटर पाणी. तासगाव-मिरजेकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या खोडा-ओलांड्यांवर मारतात त्या एक टक्का बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचं हे माप. मोरचुदात वजनाच्या 25 टक्के तांबं असतं. एकरी 400 लिटर धरले, तर एका फवारणीत किलोभर तांबं बागेत उतरतं.

आता बाहेर किती जातं ते बघा. किलोभर द्राक्षांत तांबं साधारण 1.3 मिलिग्रॅम. एकरी दहा टन माल निघाला, तरी त्यासोबत गेलं फक्त 13 ग्रॅम. एका फवारणीचं तांबं द्राक्षांतून बाहेर पाठवायला जवळपास 80 हंगाम लागतील! कीटकनाशकाचा रेणू उन्हानं, जिवाणूंनी तुटतो. तांबं मूलद्रव्य, ते तुटत नाही.

पावसानं धुऊन जावं, तर जत-आटपाडी, माण-खटाव हा दुष्काळी पट्टा. शिवाय चुनखडीची जमीन तांबं घट्ट धरून ठेवते. इथे डाळिंबावरही तेल्या रोगासाठी बोर्डोच.

एकराची वरची अर्धा फूट माती सुमारे नऊ लाख किलो. वर्षाला दोन फवारण्या धरल्या, तर 30 वर्षांत किलोमागे 66 मिलिग्रॅमची भर. बोर्डोचा शोध 1885च्या सुमाराचा, फ्रान्समधला. तरी युरोपातल्या द्राक्षबागांच्या मातीत तांब्याची सरासरी आहे 49 मिलिग्रॅम. युरोपीय संघानं 2019पासून हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली. म्हणजे एकरी वर्षाला 1.6 किलो. आपल्या दोन फवारण्यांत ती ओलांडली.

मातीतल्या या तांब्याशी गांडुळाचा थेट संबंध येतो. ते मातीच गिळतं, आणि ओल्या कातडीतूनही तांबं आत शिरतं. प्रमाण वाढलं की त्याचे कोष घटतात. कॅडमियम गांडुळात मातीच्या कैक पट साठतं आणि खाणाऱ्या पक्ष्यापर्यंत पोचतं. तांबं सहसा तसं चढत जात नाही. साळुंकीला तांब्याची बाधा होण्याआधी गांडुळं घटून तिचं खाद्यच कमी होतं.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 रकान्यांत तांबंही आहे. पण तिथे पिकाला मिळणारं तांबं किलोमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी तर नाही ना, एवढंच पाहतात. बेसाल्टच्या काळ्या मातीत तांबं मुळातच भरपूर. तपासायला हवी ती वरची मर्यादा, आणि पत्रिकेत नेमका तोच रकाना नाही.