आजी, पिल्लाचा दात लागला!

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे जानेफळला येतात आणि अंगणातले कुत्र्याचे पिल्लू त्यांचे सवंगडी होते. एरवी आजी-आजोबांच्या एकाकी दिवसांनाही त्याचीच सोबत असते. म्हणूनच खेळताना दात लागला, तर ‘घरचेच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. मूलही रागावतील या भीतीने सांगत नाही.

रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रोगी सहसा वाचत नाही. मात्र वेळीच उपचार घेतल्यास हा रोग टाळता येतो. जखम लहान असली, तरी ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते. पोटातल्या १४ इंजेक्शनांचे दिवस सरले. आता लस दंडात देतात. ठरलेली एकही मात्रा चुकवू नये.

पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यालाही लस टोचावी, पुढे दरवर्षी.

आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी नातवाला जवळ घेऊन सांगावे, ‘‘दात लागला, नख लागले, तर आधी मला सांग. मी रागावणार नाही.’’